कंसातला हशा

सोनवणे साहेबांना मोठ्यानं हसताना मी कधी पाहिलं नाही. पण दुसऱ्यांच्या हसण्याबद्दल त्यांच्याइतकं माहीत असलेला माणूसही मला दुसरा भेटला नाही. हसणं खोलीच्या कुठल्या बाजूनं सुरू झालं, आधी कोण हसलं, त्याच्याकडे बघून कोण हसलं, आणि मनात नसताना कोण हसलं, हे ते डोळे मिटून सांगत. "हे दाराजवळचं हसू," ते म्हणायचे. "ह्याला आत यायचंय." किंवा, "हे साहेबाच्या मागून आलेलं. साहेब थांबला की हेही थांबेल, बघा." आणि खरंच थांबायचं.

सावेडीत आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. मी तळमजल्यावर, ते बरोबर माझ्या डोक्यावर. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, ते कोर्टातून. तिथं ते लघुलेखक होते, इंग्रजी आणि मराठी दोन्हींचे. सकाळी उठल्यावर तीन पेन्सिलींना टोक काढायचं, ही त्यांची नोकरीतली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. एक लिहायला, एक टोक मोडलं तर, आणि तिसरी? "तिसरी दुसऱ्याला धीर म्हणून," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. त्यांचा विनोद असाच असे. तो होऊन गेल्यावर लक्षात यायचा, आणि तोवर ते जिना चढून गेलेले असत.

मूळ गाव तिसगावच्या पलीकडे, पाथर्डी तालुक्यात. आई-वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते पाळण्यात होते. गावाकडून धाकटा भाऊ आला की माझ्या छतावर वेगळीच भाषा ऐकू यायची. "लई दिसांनी आलास. बस की. च्या टाकतो." भाऊ गेला की पुन्हा छापल्यासारखं मराठी सुरू. मी एकदा विचारलं, "तुम्ही आमच्याशी तसं का नाही बोलत?"

"ते घरात घालायचे कपडे आहेत, बाई," ते म्हणाले.

मला ते बाई म्हणायचे. सगळी कॉलनी त्यांना साहेब म्हणायची. ह्या 'साहेब'चं वजन काय आहे, हे मला एका सभेत कळलं.

अक्षर सुरेख म्हणून सोसायटीनं त्यांना सचिव केलं होतं. पाण्याच्या टाकीसाठी सभा होती. गच्चीवर सतरंज्या, चहा, बटाटेवडे. साहेबांनी टाकीच्या कामाची माहिती दिली, नेहमीप्रमाणे एकही शब्द वाया न घालवता. ती संपल्यावर अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, "सोनवणे साहेबांचं मराठी ऐकलं की वाटतच नाही." आणि थांबले. काय वाटत नाही, ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. आम्ही सगळे हसलो.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर पहिली गाडी त्यांची निघायची. साहेबांच्या पत्नीला शेवटच्या दिवशी त्यांच्याच गाडीतून नेलं होतं.

पुढच्या सभेत रिवाजाप्रमाणे आधीच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. साहेब उभे राहिले. टाकीची क्षमता, उपस्थितांची नावं, सगळं एका सुरात वाचत गेले, आणि त्याच सुरात पुढे वाचलं, "अध्यक्ष म्हणाले, सोनवणे यांचं मराठी ऐकलं की वाटतच नाही. कंसात, हशा. कंस पुरा. त्यानंतर चहापान झालं."

गच्चीवर कुणी कपसुद्धा खाली ठेवेना.

"हे कशाला लिहायचं, साहेब?" अध्यक्षांनी विचारलं.

"सभेत झालं ते लिहायचं असतं."

"अहो, गमतीत म्हणाले ते," मागून कुणीतरी बोललं.

"गंमत म्हणूनच लिहिलंय. कंसात," साहेब म्हणाले. "खोडायचं असेल तर ठराव मांडा. सूचक आणि अनुमोदकाचं नाव लागेल."

सूचक कुणी झालं नाही. इतिवृत्त कायम झालं. ती वही अजून सोसायटीच्या कपाटात आहे. त्या कंसात बारा बिऱ्हाडं आहेत आणि त्यात मीही आहे. हे मी त्यांच्याशी कधी बोलले नाही. त्यांना ते ठाऊक होतं, कारण त्या दिवशी मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते.

पत्नी गेल्यावर त्यांनी एक काम घरी घेतलं. मुलगी सुजाता लग्नानंतर अमेरिकेत गेली होती, तिकडच्या मधल्या भागात, एका लहान गावात. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. पुण्यातली एक संस्था तिकडच्या भाषणांची, रेडिओवरच्या गप्पांची, निवडणुकीच्या सभांची ध्वनिमुद्रणं लिहून देण्याचं काम करायची. यंत्र पहिला खर्डा काढायचं आणि माणसानं तो ऐकून दुरुस्त करायचा. "पोरगी जिथं राहते तिथली माणसं काय बोलतात, ऐकू तरी," असं म्हणून साहेबांनी ते पत्करलं. जेवण झालं की दुपारभर ते हेडफोन लावून बसत. मान किंचित उजवीकडे झुकलेली, डावा हात हवेत. मी पुस्तक द्यायला गेले की तो हात "थांबा" म्हणायचा. मी उंबऱ्यात थांबायची. वाक्य संपलं की हात खाली यायचा.

पहिले काही महिने ते खूश होते. उच्चार वेगळे, विषय वेगळे. शेतीचे भाव, शाळा, रस्ते. "आपल्यासारखंच आहे, बाई." मग हळूहळू ते कमी बोलायला लागले. एक दिवस खाली आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे मोठा इंग्रजी कोश आहे ना? आर्टिक्युलेट हा शब्द बघायचाय."

मी कोश काढला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. नीट, स्पष्ट बोलणारा.

"ह्यात वाईट काही नाही," ते म्हणाले.

"नाही."

"एका काळ्या उमेदवाराबद्दल म्हणाला तो सभेतला वक्ता. 'माणूस आर्टिक्युलेट आहे हो.' म्हणाला आणि थांबला. मग हशा." त्यांनी कोश बंद करून माझ्याकडे दिला. "म्हणजे कोशात नाहीच ते. थांबण्यात आहे."

त्यानंतर ते मला अधूनमधून सांगत. तिकडे शिवी कुणी देत नाही. शोधायला गेलात तर सापडणार नाही, सगळे शब्द धुतलेले. 'त्या वस्तीतले लोक.' 'खरे आपल्याकडचे लोक.' 'मूळचे कुठले म्हणालात?' मग जरासा थांबा, मग हसू. दोन्ही पक्षांचे कार्यक्रम त्यांच्याकडे येत. एका बाजूचं हसू ते लगेच ओळखत. दुसरी बाजू हसायची नाही, ती हळहळायची. पण त्या हळहळीतही साहेबांना तोच थांबा ऐकू यायचा. "हे सभेत पुढच्या खुर्चीवर बसवतात," ते म्हणाले, "आणि फोटो निघाला की खुर्ची उचलतात."

एकदा ते दोन दिवस काम न करता बसून राहिले. मी चौकशीला गेले तर पेन्सिलींना टोकसुद्धा काढलेलं नव्हतं. एका उमेदवाराचा तरुण मुलगा वारला होता, आणि विरोधी बाजूच्या एका कार्यक्रमात त्यावर विनोद केला गेला. टाळ्याही पडल्या.

"आमच्या गावात दोन भावकींत कोर्टकज्जे चालायचे," ते म्हणाले. "एकमेकांच्या विहिरीत कचरा टाकायचे. पण मयत झाली की खांदा द्यायला सगळे." मग म्हणाले, "आमच्या वस्तीतल्या मयतीला कुणी यायचं नाही, ती गोष्ट वेगळी."

संस्थेशी त्यांचं बिनसलं ते कंसावरून. यंत्राच्या खर्ड्यात हसणं नसायचं, आणि संस्थेचा नियमही तसाच होता: खोकला, हसणं, खुर्च्यांचे आवाज गाळायचे, स्वच्छ प्रत द्यायची. साहेब प्रत्येक ठिकाणी कंस करून हशा लिहायचे. पुण्याहून एका तरुण मुलीचा फोन यायचा. तो ते स्पीकरवर ठेवत, म्हणून मलाही ऐकू आला.

"सर, प्लीज लाफ्टर काढून टाका ना. क्लायंटला क्लीन कॉपी लागते."

"मॅडम, तो बोलण्याचाच भाग आहे. तो काढला तर माणूस सज्जन दिसतो."

"सर, आपल्याला काय करायचंय?"

"मला काही करायचं नाही. ऐकलं ते लिहितोय."

संस्थेनं हळूहळू त्यांना राजकारणाचं काम देणं बंद केलं. यंत्रांच्या माहितीपुस्तिका पाठवायला लागले. "गिरणीच्या पट्ट्याला कुणी हसत नाही," असं म्हणून ते तेही नेकीनं करत राहिले.

मी त्यांना एकदा सरळ विचारलं, एवढं हशाचं काय धरून बसलात? तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. एवढी एकच गोष्ट सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

नोकरीच्या सुरुवातीला ते एका तालुक्याच्या कोर्टात होते. मारहाणीचा खटला चालला होता. साक्षीदार एक शेतमजूर बाई, त्यांच्याच समाजातली. साक्षीला यायचं म्हणून तिनं बरी साडी नेसली होती. उलटतपासणीत वकिलांनी नम्रपणे विचारलं, "खुरपायला जातानाही अशीच साडी नेसता का, बाई?" सगळं कोर्ट हसलं. ती गोंधळली आणि "व्हय" म्हणाली. आणखी हशा झाला. कोर्टाची रीत अशी की साक्ष जशी बोलली जाते तशी लिहिली जात नाही. न्यायाधीश तिचं एक वाक्य करून सांगतात, लघुलेखक ते घेतो. "साक्षीदार सांगते की ती नेहमी नवीन साडी नेसते." साहेबांनी ते घेतलं.

"तिनं माझ्याकडे बघितलं," ते म्हणाले. "तिला वाटलं, हा आपला माणूस आहे, ह्याच्या हातात कागद आहे. हा लिहील. मी कसं लिहिणार? सांगितलेलं नव्हतं." त्यांनी पेन्सिल उचलून पुन्हा जागेवर ठेवली. "अपील झालं तेव्हा वरच्या कोर्टात तोच कागद गेला. स्वच्छ कागद. त्या कागदावर तिला कुणी हसलंच नाही, बाई. नुसती खोटं बोलणारी बाई दिसते त्यात. आणि खाली माझी सही. खरी नक्कल."

'खरी नक्कल' हे कोर्टाचे शब्द. मूळ कागदाबरहुकूम प्रत आहे, अशी खात्री देऊन खाली सही करायची. साहेबांनी नोकरीत अशा हजारो सह्या केल्या असतील. त्यांतली एक त्यांना टोचत राहिली.

सुजाता तिकडे शाळा समितीच्या निवडणुकीला उभी राहिली. गावातल्या शाळांचा कारभार बघणारी लोकनियुक्त समिती असते म्हणे. माझ्यासमोर वाढलेली ती मुलगी. माझ्या ग्रंथालयातून पुस्तकं नेऊन वेळेवर परत करणाऱ्या फार थोड्यांपैकी एक. प्रचाराच्या एका सभेनंतर तिचा फोन आला. तिच्याविरुद्ध उभा असलेला गृहस्थ म्हणाला होता, "ह्या बाई छानच बोलतात. नवल वाटावं इतकं छान. पण आपल्या मुलांनी काय शिकायचं ते आपल्यातल्यांनी ठरवलेलं बरं." लोक हसले, असं तिला वाटलं. पण तिच्या बाजूचे लोक म्हणाले, तुला तसं वाटलं, कौतुकच केलं त्यानं. एकानं तर आनंदानं सुचवलं की आपण ह्याचं पत्रक छापू, मतं मिळतील. समोरच्या बाजूनं पसरवलं की बाईंना कौतुकही सहन होत नाही.

"दादा, मी रेकॉर्डिंग पाठवते," ती वडिलांना म्हणाली. "तुम्ही ऐका. मला भास झाला का?"

साहेबांनी एक अख्खी दुपार ते ऐकलं. तीन हशे होते. पहिला समोरच्या दोघांचा, दुसरा सगळ्यांचा, आणि तिसरा, सगळ्यांत लहान, सुजाताच्या स्वतःच्या बाजूच्या खुर्च्यांमधून आलेला. तिन्ही त्यांनी मिनिट-सेकंदांसह लिहिले. खाली कोर्टाच्या पद्धतीनं 'खरी नक्कल', आणि सही. मोबाईलवर फोटो काढून पाठवला. ती फोनवर बराच वेळ रडली. "म्हणजे मला भास नव्हता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती निवडून आली. तो कागद तिनं पर्समध्ये घडी करून ठेवलाय, असं साहेब मला सांगत आणि सांगून झाल्यावर उगाच चष्मा पुसत.

मग त्यांचा डावा कान गेला. नंतर उजवाही उतरत चालला. यंत्र बसवलं, त्यातून शब्द यायचे. "शब्द येतात," ते म्हणाले. "मागचं येत नाही." मागचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. संस्थेचं काम त्यांनी स्वतःहून बंद केलं. पेन्सिलींना टोक काढणं मात्र चालू होतं.

त्याच सुमाराला छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलं. आणि त्या आठवड्यात सुजाताचं दुसरं ध्वनिमुद्रण आलं.

समितीच्या बैठकीत ती एका मुलाबद्दल बोलली होती. त्याच्या डब्याला वास येतो म्हणून वर्गातली मुलं त्याला चिडवत होती आणि तो डबा न्यायचाच बंद झाला होता. तिचं बोलून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद. आता आपण आपल्याकडच्या विषयांकडे वळू या." ह्या वाक्यात पकडण्यासारखं काही नाही. पण त्यावर सगळे हसले, असं सुजाताचं म्हणणं. तिनं लेखी तक्रार केली. समितीनं विचारलं, पुरावा काय? ध्वनिमुद्रण अध्यक्षांच्या माइकवरून झालेलं, त्यामुळे लांबचे आवाज पुसट. इतर सभासद म्हणत होते, कुणी हसलं नाही. सगळं त्या एका जागेवर अडलं होतं.

साहेब तीन दिवस ती एक जागा ऐकत होते. मी चौथ्या दिवशी डबा घेऊन वर गेले तेव्हा आदल्या रात्रीचं ताट तसंच झाकलेलं होतं. त्यांच्या ओठांना निळसर झाक आली होती. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"एवढंच ऐका, बाई. माझ्यानं होत नाही."

मी ऐकलं. सुजाताचा आवाज, मुद्दे मांडतानाचा, थोडा घाईचा. कॉलेजात असतानाही ती अशीच बोलायची. मग एका पुरुषाचा प्रसन्न आवाज. धन्यवाद. मग ते वाक्य. मग थांबा.

आणि मग हसू. पुसट होतं, पण होतं. दाराजवळचं नव्हतं. पुढच्या रांगेत सुरू होऊन सावकाश मागे गेलेलं, घरच्यासारखं, पाय पसरून बसलेलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे येऊन मला एवढं कळायला लागलं होतं. मी ते ओळखलं, कारण असलं हसू मी स्वतः हसलेली होते.

"सांगा, बाई," साहेब म्हणाले. "हसत्यात का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी घरातल्या भाषेत बोलले. त्यांना ते कळलंही नाही. मी त्यांच्या ओठांकडे बघितलं, झाकलेल्या ताटाकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

"न्हाई? मग काय हाय ते? कायतरी हाय. मला थरथर लागती."

"खुर्च्या सरकतायत."

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग पेन्सिल उचलली.

त्याच संध्याकाळी त्यांनी नक्कल पूर्ण केली. त्या वाक्यापुढे कंसात 'खुर्च्या सरकल्याचा आवाज' असं लिहिलं. खाली खरी नक्कल, आणि सही. पुढच्या महिन्यात ते गेले. फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. आठ दिवस दवाखान्यात होते. सोसायटीच्या अध्यक्षांच्याच गाडीतून नेलं.

सुजाता तिसऱ्या दिवशी पोचली. जलदानविधी झाला, गावाकडची माणसं आली आणि गेली. एका दुपारी ती साहेबांच्या टेबलाशी फायली लावत होती. मी खाली बसून वह्या एकावर एक ठेवत होते.

"काकू, एक विचारू?" ती म्हणाली. "दादांनी त्या नकलेत खुर्च्या लिहिल्या होत्या. त्या कुठून आल्या असतील?"

मी पुढची वही उचलून मांडीवर घेतली.

"समितीच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या नाहीत. बाकं आहेत. लाकडी, जमिनीत पक्की बसवलेली. सरकतच नाहीत." ती फायलीची नाडी बांधत होती, माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. "मला वाचताना ते खटकलं होतं. पण म्हटलं, दादांनी लिहिलंय ना. त्यांचा कान. मंचावरची एखादी असेल. मग म्हटलं, म्हणजे मलाच भास झाला. तक्रार मागे घेतली. अध्यक्षांना माफीचं पत्र दिलं. त्यांनी ते पुढच्या बैठकीत वाचलं, आणि सोबत जोडलेली दादांची नक्कलही वाचली. खुर्च्यांपाशी आले तेव्हा सगळे हसले. बसल्या बसल्या बाकं सरकवल्याचं सोंग करायला लागले." तिनं गाठ मारली. "ते हसणं मात्र भास नव्हता. पण ते मी दादांना सांगितलं नाही."

माझ्या मांडीवर त्यांची शेवटची लघुलेखनाची वही होती. त्या रेघा मला वाचता येत नाहीत. पण शेवटच्या पानावर एका जागी बोटभर मोकळी जागा सोडलेली होती, आणि समासात साध्या मराठी अक्षरांत दोन शब्द होते. 'खुर्च्या. बाई.' कोर्टात ऐकीव गोष्ट लिहिताना ती कुणी सांगितली त्याचं नाव लिहितात, तसं.

मी वही तिच्यापुढे केली. "हसले होते," मी म्हणाले. "मी ऐकलं. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी मला विचारलं, आणि मी खोटं सांगितलं."

तिनं ते दोन शब्द बोट ठेवून वाचले. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं टेबलावरच्या तीन पेन्सिलींपैकी एक घेतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"लिहा," ती म्हणाली.

त्या मोकळ्या जागेत मी कंस केला आणि लिहिलं, हशा. खाली माझं नाव, पूर्ण. 'खरी नक्कल' लिहायला हात धजला नाही. सुजातानं पानाचा फोटो काढला. तिकडच्या समितीनं तो बघितला की नाही, मला माहीत नाही. तिनं कळवलं नाही, आणि मी विचारत नाही. आमची वर्षातून दोनदा फोनवर ख्यालीखुशाली होते. ती मला अजून काकूच म्हणते.

साहेब म्हटलं की मला दवाखाना आठवत नाही. आठवते ती चौथ्या दिवसाची दुपार. मी 'खुर्च्या' म्हटल्यावर त्यांनी लिहून घेतलं, हेडफोनची वायर नीट गुंडाळली आणि झाकलेल्या ताटावरचं झाकण काढलं. शिळी भाकरी होती, तिचा तुकडा मोडला. चेहऱ्यावर इतकं हलकेपण मी कधी पाहिलं नव्हतं. उठून ते चहा टाकायला आत गेले. भांड्यांचा आवाज येत होता, आणि त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानं, आतूनच ते म्हणाले,

"म्हंजी मानसं सुधरत्यात, बाई."